सर्पगंधेचे डॉक्टर : रुस्तम जाल वकील

आज ज्याला आम्ही हुबळी-धारवाड म्हणतो, ती दोन्ही गावे १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबई राज्यात होती. सरकारी कागद मुंबईहून येत. मुले शिकायला पुण्या-मुंबईला जात, आणि दुखणे हाताबाहेर गेले की माणसे मीटरगेजच्या गाडीत बसून मिरजेला वॉनलेस साहेबांच्या इस्पितळात जात. तिथेही भागले नाही तर मुंबई. परळचे केईएम इस्पितळ ही आमच्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यातली शेवटची जागा होती. आमच्या मंडळातल्या जुन्या घरांतून अजूनही हे ऐकायला मिळते.

त्या केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील काम करीत असत. मुंबईचे पारशी, हृदयरोगाचे जाणकार. वैद्यकाच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे, पण मराठी घरांत ते आता फारसे निघत नाही. यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहावे असे आम्हांला वाटले, त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. ते पुढे येईलच.

वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ चा, मुंबईतला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते मुंबईला परतले. हुशार, विलायतेत शिकलेला, इंग्रजीवर प्रभुत्व असलेला तरुण डॉक्टर. अशा माणसाने काडेचिराइताच्या पंगतीतल्या एखाद्या मुळीकडे ढुंकूनही पाहिले नसते तर कोणी दोष दिला नसता. त्या काळच्या बहुतेक विलायती डॉक्टरांनी पाहिले नव्हतेच.

त्यांच्यासमोरचा प्रश्न मात्र असा होता की विलायतेच्या पेटीत त्याला उत्तर नव्हते. प्रश्न होता वाढलेल्या रक्तदाबाचा. आज आपण सहज म्हणतो, बीपीची गोळी चालू आहे. १९४० साली ही गोळीच नव्हती. रक्तदाब मोजता येत असे, पण उतरवता येत नसे. मीठ बंद करा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, एवढेच सांगता येई. अमेरिकेत एका डॉक्टरने नुसता भात आणि फळे खायला घालण्याचा पथ्यमार्ग काढला होता. काही शल्यविशारद पाठीतल्या नसांच्या गाठी कापून काढीत. थायोसायनेट नावाचे एक औषध होते, पण ते इतके विषारी की देणाऱ्याचाच हात थरथरावा. जगातल्या सगळ्यांत ताकदवान देशाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची गोष्ट पाहा. मार्च १९४४ मध्ये तपासले तेव्हा त्यांचा दाब १८६ वर १०८ होता. डॉक्टर हाताशी, इस्पितळ हाताशी, आणि उपाय नाही. १२ एप्रिल १९४५ ला त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा दाब ३०० वर १९० भरला, आणि त्याच दिवशी ते गेले. व्हाइट हाउसमध्ये ही अवस्था, तर आमच्या गावांत काय असणार? अंगावरून वारे गेले, एवढेच घरचे म्हणत. कुंदगोळचे आपले सवाई गंधर्व अर्धांगवायूनेच गाण्यापासून दूर झाले, हे या भागातल्या रसिकांना वेगळे सांगायला नको.

इथे थोडे थांबून हृदयाच्या ठोक्यांविषयी बोलले पाहिजे, कारण वाढलेला दाब आणि बिघडलेला ठोका ही एकाच घरातली दोन भावंडे आहेत. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेची बारीक लहर सोडतो. ती लहर आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके असे चालतात. दाब वर्षानुवर्षे चढलेला राहिला की खालच्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होते. मग वरच्या कप्प्याला जोर लावावा लागतो, तो फुगतो, ताणला जातो, आणि त्याच्या भिंतीत जागोजाग विजेचे भलतेच झरे फुटतात. मुख्य पुंजक्याचे कोणी ऐकत नाही. वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात, मिनिटाला तीनचारशे किंवा त्याहूनही अधिक वेळा. मधली गाठ त्यातल्या मिळतील तेवढ्या लहरी खाली सोडते, तीही कशीही, क्रम न लावता. मनगटावर बोट ठेवले तर नाडी कधी झपझप, कधी रेंगाळत, कधी एखादा ठोका गळालेला लागते. तबल्याच्या गावात राहणाऱ्यांना ठेका सुटणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. पण तबलजी समेवर परत येतो, हे हृदय पुष्कळदा येत नाही.

याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. रक्तदाब हे त्याचे एक मोठे कारण, एकमेव मात्र नव्हे. लहानपणी घसा दुखून सांधे धरतात, त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आखडते, त्यातूनही तो होतो. आपल्याकडे तरण्या बायकांत हे कारण अजून सापडते. थायरॉइड वाढले, दारू फार झाली, झोपेत श्वास अडकत असला, झडप गळू लागली, हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या, की तोच प्रकार. आणि वय हे कारण तर कोणालाच टाळता येत नाही. खरा धोका धडधडीत नसतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. अशा माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो. कित्येकांना छातीत काहीच जाणवत नाही. पहिली खबर मिळते ती हात लुळा पडल्यावर.

म्हणजे दाब उतरवता आला तर मेंदूतला रक्तस्राव टळेल आणि पुढे ठोका बिघडण्याची वेळही पुष्कळांच्या बाबतीत येणार नाही. वकील यांच्या हातात मुळी आली ती या पार्श्वभूमीवर.

ती मुळी म्हणजे सर्पगंधा. गुडघ्याएवढे झुडूप, पांढरी-गुलाबी फुले, तांबडे देठ, पिकली की काळसर होणारी फळे. मूळ मात्र सापासारखे वळलेले. हिमालयाच्या पायथ्यापासून आमच्या सह्याद्रीच्या ओल्या रानांपर्यंत ती उगवते. सापाच्या विषावर म्हणून तिची ख्याती जुनी. बिहारकडे तर वेड लागलेल्याला शांत करायला ती बाजारात विकली जाई, आणि तिथे तिचे नावच वेडावरचे औषध असे पडले होते. युरोपच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला राउवोल्फ नावाच्या सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याचे नाव चिकटवले. या गृहस्थांचा आणि या झुडुपाचा तसा काही संबंध नव्हता.

१९३१ हे या मुळीच्या आयुष्यातले भाग्याचे वर्ष. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याने वेडाचा झटका शमतो आणि रक्तदाबही उतरतो असे लिहून ठेवले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी मुळीतून पाच शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. कलकत्त्याचे रामनाथ चोप्रा यांनीही पुढे तिच्यावर प्रयोग केले. १९३४ पासून हिमालया कंपनीच्या सर्पगंधेच्या गोळ्या बाजारात मिळू लागल्या. तेव्हा सर्पगंधा वकिलांनी शोधली, असे म्हणणे चूक आहे. काही लेखांत तसे वाचायला मिळते म्हणून मुद्दाम सांगितले. वकिलांनी स्वतः आधीच्या सगळ्यांचा हिशेब चोख ठेवला होता. १९५५ साली अमेरिकेच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात त्यांनी या मुळीवर तोपर्यंत झालेल्या कामाचा मोठा आढावा छापला.

मग त्यांनी केले काय? त्यांनी मोजले. ऐकायला हे फार साधे वाटते. पण शेकडो वर्षे जी मुळी वापरली जात होती तिच्याविषयी एवढेच ठाऊक होते की तिच्याने बरे वाटते. किती जणांना, किती दिवसांनी, आकडा कितीने उतरतो, औषध बंद केल्यावर काय होते, याची वही कोणी नीट भरली नव्हती. वकिलांनी जवळजवळ दहा वर्षे आपल्या रोग्यांना ही मुळी देऊन पाहिली आणि त्यातल्या ५० जणांची तपशीलवार नोंद १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली. चार आठवड्यांच्या उपचारानंतर वरचा दाब ८५ टक्के रोग्यांत आणि खालचा ८१ टक्क्यांत उतरला होता. गोळ्या थांबवल्यावरही परिणाम लगेच नाहीसा झाला नाही, काही आठवडे टिकला. आजच्या नियमाने पाहिले तर ही चाचणी लहानच. निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन पाहण्याची पद्धत तेव्हा नुकती कुठे जन्माला येत होती. पण एका भारतीय इस्पितळातल्या डॉक्टरने भारतीय मुळीविषयी, जगातल्या डॉक्टरांना तपासून पाहता येईल अशा भाषेत, आकडे मांडले. आमच्या मते वकिलांचे मोठेपण या वहीत आहे. आपले म्हणून चांगले, या भावनेने त्यांनी मुळी पुढे केली नाही, आणि गावठी म्हणून फेकलीही नाही.

तो लेख बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या नजरेला पडला. त्यांनी मुळी मागवून आपल्या रोग्यांवर वापरली. त्यांना दाब उतरलेला दिसलाच, शिवाय दोन गोष्टी दिसल्या. रोगी शांत होतात आणि नाडी मंदावते. इकडे स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले, ते रेसरपिन. नाडी का मंदावते तेही हळूहळू उलगडले. मज्जातंतूंच्या टोकाशी जो उत्तेजक रस साठवलेला असतो, त्याची कोठारे हे द्रव्य रिकामी करते. मग रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदयाला टाच मारणारे कोणी उरत नाही. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी तेच रेसरपिन मनोरुग्णांना दिले. बिहारच्या बाजारातले जुने ज्ञान पृथ्वीला वळसा घालून आले, असेच म्हणायचे.

१९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार वकील यांना मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल ज्याचे नाव घेतले जाते तो हा पुरस्कार. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत क्लाइनही होते, म्हणजे एकाच मुळीचे दोन्ही गुण एकदमच गौरवले गेले. पुढच्या वर्षी भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिले. योगायोग असा की त्याच १९५७ साली हुबळीत कर्नाटक मेडिकल कॉलेज सुरू झाले, ज्याचे पुढे किम्स झाले. आमच्या गावांना मुंबईची वाट धरण्याची गरज तिथून पुढे कमी होत गेली. त्या कॉलेजात शिकलेल्या आमच्या मुलामुलींनी वकील आणि गोलवाला यांचे रोगी तपासण्याविषयीचे पुस्तक हाताळले असेलच. १९६९ साली असोसिएशन ऑफ फिजिशियन्सने भारतीय डॉक्टरांसाठी वैद्यकाचा जाडजूड ग्रंथ काढला, त्याचे संपादकही वकीलच.

सर्पगंधेची एक गोष्ट अजून राहिली, आणि ठोक्यांशी तिचाच थेट संबंध आहे. सिद्दिकींनी १९३१ मध्ये काढलेल्या पाच द्रव्यांतल्या पहिल्याचे नाव अजमलीन. हकीम अजमल खान यांच्यावरून त्यांनी ते ठेवले. दिल्लीचे हे थोर हकीम १९२७ अखेर वारले होते. हे अजमलीन दाब उतरवण्याच्या कामाचे फारसे नाही. पण हृदयाच्या पेशींतून धावणारी विजेची लहर ते मंद करते. सुसाट सुटलेल्या ठोक्यांवर ते युरोपात वापरले गेले. आजही त्याचा एक खास उपयोग आहे. काही घराण्यांत धडधाकट तरुण माणूस झोपेतच जातो, ईसीजी एरवी साधा दिसतो. ब्रुगाडा या नावाने १९९२ पासून ओळखला जाणारा हा दोष लपलेला असला तर डॉक्टर इस्पितळात, सगळी तयारी ठेवून, अजमलीनचे इंजेक्शन देतात आणि ईसीजीवर तो उघडा पाडतात. म्हणजे एका मुळीतले एक द्रव्य दाबासाठी, दुसरे तालासाठी.

वकिलांच्या उमेदीत बिघडलेल्या ठोक्यावर औषधे मोजकी होती. डिजिटॅलिस हे १७८५ पासूनचे जुने औषध, आणि कोयनेलच्या सालीतले क्विनिडीन. ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोमला पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवला गेला, तो ठोके फार मंद पडणाऱ्यांसाठी. आज हातात पुष्कळ आहे. वेग आवरणाऱ्या गोळ्या आहेत, ताल परत आणणारी औषधे आहेत, विजेचा मोजका झटका देऊन हृदयाला पुन्हा रुळावर आणता येते, आणि जांघेतून बारीक नळी घालून बिघाडाची जागा जाळता येते. पण एट्रियल फिब्रिलेशनच्या बहुतेक वयस्क रोग्यांना सगळ्यांत जास्त वाचवते ती रक्त पातळ ठेवणारी गोळी. तिने छातीत काही बरे वाटत नाही, म्हणूनच लोक ती सोडतात. स्वतः वकिलांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात रक्त गोठू न देणाऱ्या औषधांवर काम केले, ते वेगळ्या कारणासाठी. हृदयविकाराचा मोठा झटका येण्याआधी काही दिवस छातीची कळ वाढत जाते, त्या अवस्थेतल्या रोग्यांना ही औषधे देऊन त्यांनी पुढे काय होते ते वर्षानुवर्षे नोंदवले आणि १९६० नंतर अमेरिकेच्या नियतकालिकांत छापले. इथेही पुन्हा तीच वही.

आता ते व्यावहारिक कारण. आमच्या मंडळातल्या चारपाच घरांत तरी सर्पगंधेचे चूर्ण किंवा गोळ्या आहेत. कोणी नातेवाइकाने दिलेल्या, कोणी आपणहून आणलेल्या. डॉक्टरांना सांगितलेले नसते, कारण ते आपले मुळीचे औषध, त्याने अपाय कसा होणार? तर तो होतो, आणि तो याच काळात, वकिलांसारख्यांच्या नोंदींतून आणि पुढच्या अनुभवातून उघड झाला. रेसरपिनने नाक चोंदते, ते एक वेळ सोडा. पण ते मनाला खिन्नतेच्या गर्तेत ढकलू शकते, आत्महत्येच्या विचारांपर्यंत. ज्यांना आधी उदासीचा आजार होता त्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. ज्यांची नाडी आधीच मंद आहे त्यांची ती आणखी मंद होते. आणि ज्यांचा ठोका बिघडलेला म्हणून डिगॉक्सिन चालू आहे, त्यांनी वरून सर्पगंधा घेतली तर ठोके नव्याने, धोकादायक रीतीने बिघडू शकतात. १९७० नंतर चांगली औषधे आली तसे रेसरपिन मागे पडले. मुळीत औषध आहे, हाच तर वकिलांचा निष्कर्ष होता. औषध आहे म्हणजे मात्रा आहे, मात्रा आहे म्हणजे चुकीची मात्राही आहे. चूर्णाच्या पुडीत किती रेसरपिन आहे ते पुडीवर लिहिलेले नसते. ज्यांच्या घरी ती पुडी आहे त्यांनी ती पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांना नेऊन दाखवावी, एकदम बंदही करू नये आणि लपवूही नये.

दुसरे, साठी उलटलेल्यांनी अधूनमधून मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये, गळालेला ठोका त्यात निसटतो. ताल वेडावाकडा लागला तर ईसीजी काढावा. अचानक शुद्ध हरपली, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली तर मात्र मोजत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे.

सर्पगंधेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. जगभर मागणी वाढली आणि रानेच्या राने उपटली गेली. मुळासाठीच झुडूप उपटायचे, मग परत उगवणार कुठून? कच्च्या मुळांच्या निर्यातीवर सरकारला बंधने घालावी लागली, आणि आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. सह्याद्रीच्या उतारांवर ती अजून दिसते, पण शोधावी लागते.

वकील हे निव्वळ इस्पितळातले गृहस्थ नव्हते. वैद्यकाच्या इतिहासाची त्यांना ओढ होती. रोमान्स ऑफ हीलिंग नावाचे त्यांचे निबंधांचे पुस्तक आहे, आणि भारताच्या जुन्या वारशावरही त्यांनी लिहिले. विलायतेत शिकलेल्या या पारशी डॉक्टरने चरक-सुश्रुतांच्या देशाकडे आदराने पाहिले आणि तरीही प्रत्येक गोळीला आकडा विचारला. २० नोव्हेंबर १९७४ रोजी ते वारले. वय अवघे त्रेसष्ट. रक्तदाबाची गोळी घेऊन आज आमच्या सभामंडपात आरतीला उभे राहणारे कितीतरी जण त्यांच्याहून वयाने मोठे आहेत.